पावसात काम होत नाही, उन्हात गरज वाटत नाही

"अहो ताई, पावसात कुठं वॉटरप्रूफिंग होतंय? जरा उघडीप पडू दे, लगेच करूया की."

हे आमच्या घरमालकांचं वाक्य. जूनमध्ये ऐकलं, जुलैत ऐकलं, ऑगस्टमध्ये त्यांनी चुकून फोन उचलला तेव्हाही ऐकलं. बरं, त्यात खोटं काही नाही. भर पावसात स्लॅबचं काम होत नाही हे कुठलाही गवंडी सांगेल. म्हणून गप्प बसलो. गणपती झाले, दसरा झाला, चांगलं कडक ऊन पडलं. मग काय? "स्लॅब आतून ओला असतोय, पूर्ण वाळू दे." दिवाळीत गवंडी मिळत नाहीत. दिवाळीनंतर त्यांच्या पुतण्याचं लग्न. आणि जानेवारीत तर कमालच केली माणसाने. म्हणाले, "आता गळतंय काय? न्हाई न्हवं? मग उगंच कशाला खोदत बसायचं?"

म्हणजे गळतं तेव्हा करता येत नाही आणि करता येतं तेव्हा गळत नाही. या हिशेबाने हे घर दुरुस्त व्हायचा मुहूर्त पंचांगातच नाही!

आम्ही कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला राहतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोन बेडरूम, भाडं ११ हजार, डिपॉझिट ५० हजार. एप्रिलमध्ये घर बघायला आलो तेव्हा छत कसं दुधासारखं पांढरं होतं. नुकताच रंग मारलेला. का मारला होता ते पहिल्या झडीत कळलं. आधी सासूबाईंच्या कॉटच्या बरोबर वर बशीएवढा पिवळा डाग. आठवड्यात त्याचं परातीएवढं झालं, कडेने पोपडे सुटले, आणि एका रात्री त्यातला एक त्यांच्या उशीवर पडला. कॉट हॉलमध्ये आणली. तेव्हापासून हॉलमध्ये कॉट, टीव्ही, मुलाचं अभ्यासाचं टेबल, आणि पाहुणे आले की ते उभे. बाहेर धो धो लागला की सगळं कोल्हापूर मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतं, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आमच्याकडे पातळी बघायची ती बेडरूममधल्या बादलीची.

हे मालकांना सांगितलं तर त्यांचं उत्तर तयार. "२०१९ ला, २०२१ ला लोकांची घरंच्या घरं पाण्यात गेली ताई. तुम्ही तर तिसऱ्या मजल्यावर हाय." अहो, गेली होती ना. ते आम्हालाही माहीत आहे, माझ्या मावशीचं घर त्यातच होतं. पण ते पंचगंगेने केलं. हे तुमच्या गच्चीवरच्या फुटक्या कोब्याने केलंय. नदीला भाडं देत नाही मी दर महिन्याच्या ५ तारखेला.

बघायला आले ते एकदाच, तेही भाड्याची पावती हवी म्हणून मी अडून बसले तेव्हा. छत्री दारात ठेवली, मोबाइलची बॅटरी लावून डागाकडे बघितलं, टाचा उंच करून अंगठ्याने दाबून बघितलं. अंगठ्याला लागलेला चुना माझ्या दाराच्या पडद्याला पुसला. आणि निदान केलं: "एक हात पांढरा मारला की दिसायचं न्हाई." दिसायचं नाही! म्हणजे दुखणं आमचं आणि इलाज त्यांच्या डोळ्यांवर.

डागाचं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण ओल उतरत उतरत स्विचबोर्डापर्यंत आली. ट्यूबलाइटच्या बटणाखालून पाण्याचा थेंब निघताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या यायच्या. मालकांनी त्यांचा ओळखीचा वायरमन पाठवला, त्याने काळी टेप गुंडाळली आणि माझ्याकडूनच २०० रुपये घेऊन गेला. एमसीबी आहे ना, काळजी नको म्हणाला. अरे बाबा, एमसीबीचं बटण पडून लाइट तुटते ती शॉर्ट झालं किंवा जास्त करंट ओढला तर. ओलीतून, अंगातून जो करंट गळतो त्याला तो ओळखतही नाही. त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, एवढासा करंट गळला तरी लाइट तोडणारा. तो आम्ही पदरचे पैसे घालून बसवला. बसवल्या दिवसापासून पावसात तो दिवसाआड पडायचा, म्हणजे त्याचं काम चोख करायचा. यावर मालक काय म्हणाले असतील? "तुम्ही ते नवीन बसवल्यापास्नंच लाइट जायला लागलीया."

गच्चीवर मी स्वतः जाऊन आले. पाण्याच्या टाकीच्या बाजूचा कोबा फुटलाय, ढाळ उलटा आहे. पाणी पाइपाकडे जायचं ते आमच्या बेडरूमवर तुंबतं. सैल कोबा काढायचा, भेगा भरायच्या, नीट ढाळ देऊन नवीन घालायचा, मग कडेने आळी, म्हणजे बुटका बांध, घालून पाणी भरून ठेवायचं आणि खाली उतरतंय का बघायचं. जानेवारीत गळत नाही म्हणता ना? भरा की पाणी, दोन दिवसांत कळेल. गवंड्याने सांगितलेला खर्च आमच्या डिपॉझिटच्या निम्मासुद्धा नव्हता.

पण नाही. गच्ची म्हणे सगळ्यांची, तेव्हा खर्च अपार्टमेंटने करायचा. अपार्टमेंटचे चेअरमन खाली राहतात, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या मालकांचा मेंटेनन्स कधीचा थकलाय ते विचारा आधी." मालकांना विचारलं तर, "आधी गच्ची करा म्हणावं, मग देतो." दोघंही एकाच तालमीचे, रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसतात. एकमेकांशी बोलत नाहीत ते फक्त आमच्या गच्चीबद्दल.

मग मी कायदा धुंडाळला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम १४: घर दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केलं तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. हिशेब केला, ३३ हजार बसतात. एवढ्यात गच्ची होऊन वर रंगही झाला असता. नोटिशीचा मसुदा लिहून वकील मैत्रिणीला पाठवला. तिने पहिला प्रश्न विचारला, करार कसला आहे? लिव्ह अँड लायसन्स, ११ महिन्यांचा. "मग कायद्याच्या भाषेत तू भाडेकरू नाहीस बाई, लायसन्सी आहेस, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी असलेली. कलम १४ भाडेकरूबद्दल बोलतं. परस्पर कापलंस तर तो थकबाकी म्हणून मागे लागेल."

घ्या! भाडं द्यायला भाडेकरू, हक्क मागायला लायसन्सी. आणि मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यायचं कलम २४ आहे, ते मात्र लायसन्सीला बरोब्बर नाव घेऊन लागू. घरमालकाची सोय बघावी तर अशी.

तरी आमचा करार नोंदवलेला आहे, तोही आम्ही हट्ट धरला म्हणून. मालकांचं म्हणणं होतं, "पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकूया, नोंदणी कशाला?" नोंदणी कशाला, तर कलम ५५ म्हणतं म्हणून. ती करायची जबाबदारी मालकाची, आणि नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचून दाखवलं तेव्हा सहीला आले. नोंदणीचा खर्च अर्थातच आमच्या माथी.

बाथरूमच्या दाराचं सांगतच नाही. फुगलंय, उचलून ढकलावं लागतं, सासूबाईंना जमत नाही म्हणून त्या कडी न लावता आंघोळ करतात आणि आतून मोठ्याने स्तोत्र म्हणतात, म्हणजे आत कुणीतरी आहे हे कळावं. असो.

आता मार्चअखेर करार संपतोय. आणि बघा, वर्षभर ज्यांना रिंग ऐकू येत नव्हती त्यांचा आपणहून फोन! १० टक्के वाढ. वाढीला पाऊस आडवा येत नाही, लग्नसराई आडवी येत नाही, गवंडी लागत नाही. मी म्हटलं, काका, आधी गच्ची करा, मग १२ हजार १०० घ्या, एक शब्द बोलणार नाही. तर म्हणतात, "आता सर्किट बेंच झालंय ताई. वकील लोक बाहेरनं येऊन राहायला लागलेत. मागंल ते भाडं मिळतंय." ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे इथेच बसणारं हायकोर्ट, कोल्हापुरात सुरू झालं. त्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, सगळ्या शहराने पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. ते आमच्या भाड्यावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. येऊ देत की वकील. माझी तर फार इच्छा आहे या घरात एखादा वकीलच राहायला यावा, आणि जूनमध्येच यावा.

आम्ही सोडतोय. कळंब्याकडे एक घर बघितलंय, मधल्या मजल्यावरचं. काल हे सांगितल्यावर मालकांनी करारातली ओळ वाचून दाखवली: घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जाईल. वर आवाज चढवून म्हणतात, "छत किती खराब केलंय बघा तुम्ही."

आम्ही? आम्ही काय गच्चीवर बसून पाणी ओतत होतो? पोपडा उशीवर पडला त्या रात्रीपासूनचा प्रत्येक फोटो तारखेसकट आहे माझ्याकडे. व्हॉट्सॲपवर त्यांनाच पाठवलेले, निळ्या टिका आलेले, आणि खाली त्यांचं "करूया की". अकरा हजारच काय, अकरा रुपये कापून दाखवावेत.