औंधच्या राजानं कुणाला बोलावलं होतं?

निवडणूक आली की सांगलीत मागणी ठरलेली: मोठा उद्योग आणा, कवलापूरचा विमानतळ करा, म्हणजे पोरं पुण्याला पळायची थांबतील. मी पलूस तालुक्यातला, नोकरी जर्मनीत, यंत्रांच्या कारखान्यात. गाव रिकामं होतंय याची कळ मलाही आहे. पण या वादात किर्लोस्करवाडीचा दाखला देतात, की राजानं बडा उद्योगपती आणला आणि माळावर कारखान्याचं गाव उभं राहिलं. तो दाखला उलटा वाचला जातो.

औंध संस्थानच्या राजानं, म्हणजे पंतप्रतिनिधींनी, १९१० मध्ये ज्यांना बोलावलं, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा बडे उद्योगपती नव्हते. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागलेले चाळिशीतले गृहस्थ होते. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. मग बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. अशा माणसाला राजानं कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला, वर कर्जही दिलं. तीच पुढची किर्लोस्करवाडी. आज कोणती बँक देईल?

इथं दक्षिण जर्मनीत आडगावांतले घरचे कारखाने जगभर यंत्रं पाठवतात. त्यांच्या दाराशी विमानतळ नसतो. शाळा संपलेली मुलं तिथं तीन-साडेतीन वर्षं पगारी उमेदवारी करतात, सोबत व्यवसायशाळा. कर्जासाठी जिल्ह्याची बचत बँक असते. सगळं आलबेल नाही. उमेदवार मिळेनात ही इथली रड आहेच, आणि बाहेरून आलेल्याला आपलं म्हणायला गावं फार वेळ घेतात.

सांगलीत काय कमी आहे? सहकारी बँका आहेत, साखर कारखाने आहेत, कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत लेथवर बसलेले कसबी हात आहेत. द्राक्ष आणि हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याला रोज नव्या अवजाराची गरज पडते. त्यासाठी बाहेरच्या कंपनीची वाट कशाला बघायची?

विमानतळ जरूर व्हावा. पण त्याआधी सहकारी बँकांनी नव्या यंत्राच्या पहिल्या दहा नगांसाठी तारण न मागता कर्ज द्यावं, साखर कारखान्यांनी त्यातलं एखादं घेऊन सभासदांच्या शेतात चालवून बघावं, आणि आयटीआयच्या मुलांना त्याच वर्कशॉपमध्ये पगारी उमेदवारी मिळावी. ड्रॉइंग तपासून द्यायला, अडलं तर फोनवर बसायला मी तयार आहे; इथले माझ्या ओळखीचे आणखी काही सांगलीकरही.