कागद शाई पितो

नवऱ्याच्या नोकरीपायी चीनमधल्या हांगचौला येऊन पडले. रिकामा वेळ खायला उठला, म्हणून शाईचित्रांच्या वर्गात नाव घातलं. पहिलाच धडा मेहुआचा, म्हणजे ऐन थंडीत, अंगावर एक पान नसताना फुलणारी फांदी. पाच पाकळ्या नि चार काटक्या! एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्हींत ए ग्रेड काढलेल्या बाईला काय अवघड?

पहिला तास शाई उगाळण्यात गेला. काजळी-सरसाची वडी, दगडावर थेंबभर पाणी आणि गोल गोल हात. आजी चंदन उगाळायची तसंच. फक्त तिला कोणी "मनगट सैल सोडा" म्हणून टोकत नसे.

खरा वैरी कागद. शुआन कागद कच्चा असला, म्हणजे तुरटी-सरस न लावलेला, की ब्रश टेकताच शाई पितो. हात थबकला की जास्तच पितो. आणि माझा हात थबकतो. फांदी निम्म्यावर आली आणि 'आता डावीकडे की उजवीकडे?' एवढंच मनात आलं. तेवढ्यात डाग आधी वाटाणा, मग सुपारी, मग वाटी झाला. खोडरबर चालत नाही. वर दुसरा हात मारला की नुसतं गटार.

घाई करावी तर ब्रश कोरडा पडतो आणि रेघेत पांढरे पट्टे राहतात. याला इथे 'उडता पांढरा' म्हणतात आणि चक्क वाखाणतात. मी आशेने लाओशींकडे, म्हणजे आमच्या शिक्षिकेकडे पाहिलं. सत्तरीच्या बाई, शांतपणे म्हणाल्या, "हा उडाला नाही. पडला."

शाईने मेहुआ काढायची सुरुवात म्हणे सोंग राजघराण्याच्या काळातल्या चोंगरेन नावाच्या भिक्षूने केली, चांदण्यात खिडकीवर पडलेली फांदीची सावली पाहून. मीही एका रात्री दिवे घालवून खिडकीपाशी बसले. समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या पायजम्याची सावली पडली होती. ती मात्र मला हुबेहूब जमली असती.

अकराव्या कागदावर एकदाची फांदी उभी राहिली, टोकाला सात फुलंही आली. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. तिने चष्मा पुसला, फोन जवळ धरला.

"शेंगा छान आल्यात गं. तिकडे शेवगा मिळतो?"

पुढच्या तासाला लाओशींनी विचारलं, आई काय म्हणाल्या?

म्हटलं, "झाड लगेच ओळखलं."