सिस्टस गुलाब नाही, वाळवंटी नाही आणि स्वतःला पेटवूनही घेत नाही

गेली काही वर्षे एक मजकूर अनेक भाषांतून फिरत फिरत मराठीतही येऊन पोहोचला आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : सिस्टस ऊर्फ ‘रॉक रोझ’ हा मध्यपूर्वेच्या वाळवंटी डोंगरांतला रानगुलाब आहे, पारा ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेला की तो अंगातून ज्वालाग्राही तेल सोडून स्वतःला पेटवून घेतो, शेजारची सगळी झाडे जाळून टाकतो आणि त्याच्या न जळणाऱ्या बिया मागे उरलेल्या राखेत एकट्याच रुजतात. सोबत बहुधा एका पांढऱ्या फुलाचे छायाचित्र असते, ज्याच्या पाचही पाकळ्यांच्या बुडाशी गडद तांबडा डाग दिसतो. ते फूल सिस्टस लाडानिफेर या जातीचे आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५३ साली नाव दिलेली आणि तेव्हापासून भरपूर अभ्यासली गेलेली ही जात असल्यामुळे मजकुरातील प्रत्येक विधान ताडून पाहता येते.

पहिले विधान गुलाबाचे. ‘रॉक रोझ’ हे इंग्रजी बोलीतले नाव फुलाच्या वरवरच्या रूपावरून पडले आहे. पाच सुट्या पाकळ्या आणि मध्यभागी पिवळ्या केसरांचा दाट झुबका हे रानगुलाबाचे दोन्ही विशेष सिस्टसमध्ये दिसतात, हे मान्यच करायला हवे. परंतु तेवढ्यावर कुळ ठरत नाही. गुलाबाचे पान बहुधा पाच-सात पर्णिकांचे, म्हणजे संयुक्त असते, पाने फांदीवर एकाआड एक येतात आणि देठाच्या बुडाशी उपपर्णे, म्हणजे पानासारखे छोटे उपांग, असतात. सिस्टस लाडानिफेरची पाने साधी, अरुंद आणि भाल्याच्या पात्यासारखी असतात, ती समोरासमोर जोडीने येतात आणि त्यांना उपपर्णे नसतात. अंगावर काटे नसतात. गुलाबाच्या फुलाला पाच संदले (पाकळ्यांखालची हिरवी दले) असतात, तर या फुलाला तीनच. फळाचा फरक तर सर्वांत मोठा आहे : गुलाबाचे फळ मांसल असते, सिस्टसचे फळ म्हणजे वाळल्यावर तडकून उघडणारे कठीण बोंड असते. सिस्टसच्या बहुतेक जातींत या बोंडाला पाच कप्पे असतात, लाडानिफेरमध्ये मात्र साधारणपणे दहा.

बोंड हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे, कारण तो वाचकाला योग्य दिशेला नेतो. सिस्टसचे कुळ, म्हणजे सिस्टेसी, आजच्या वर्गीकरणात माल्व्हेलीझ या गणात, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटात, येते. कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि काटेसावर ज्या माल्व्हेसी कुळात मोडतात, तेही याच गणातले. त्या कुळाला मराठीत भेंडी कुल असेच म्हटले जाते. आपल्या डोंगरउतारांवर पाने गळाल्यावर पिवळ्या फुलांनी भरून जाणारी सोनसावर ऊर्फ गणेर, आणि जिच्या बियांपासून रंग काढतात ती शेंदरी, याही याच गणातल्या. म्हणजे नाते सांगायचेच झाले, तर सिस्टस गुलाबापेक्षा भेंडीला जवळचा आहे. ऐकायला हे विचित्र वाटले, तरी शब्दशः खरे आहे.

त्याहूनही जवळचे नातेवाईक म्हणजे डिप्टेरोकार्पेसी, आपल्या सालवृक्षाचे कुळ, आणि केवळ मादागास्करमध्ये आढळणारे सार्कोलिनेसी. एका बाजूला मध्य भारतात उंच वाढणारा साल आणि दुसऱ्या बाजूला स्पेनच्या माळावरचे एक ते अडीच मीटरचे झुडूप, यांना जवळ आणून ठेवले ते प्रामुख्याने डीएनएच्या तुलनेने. या निष्कर्षाला मुळांकडूनही दुजोरा मिळतो. तिन्ही कुळांतील वनस्पतींच्या मुळांभोवती एका विशिष्ट प्रकारच्या सहजीवी बुरशीचे आवरण असते, आणि उष्ण प्रदेशांतील बहुसंख्य झाडांमध्ये हा प्रकार दिसत नाही. स्पेनच्या सामोरा प्रांतात सिस्टसच्या रानात खाण्याजोगी, चांगला भाव मिळणारी बोलेटस अळंबी उगवते, तीही याच सहजीवनामुळे. सालापासून राळ मिळते आणि सिस्टसच्या पानांवर सुगंधी डिंक येतो, हे साम्य मनोवेधक आहे खरे. पण राळ आणि डिंक अनेक असंबंधित कुळांत तयार होतात, त्यामुळे तो पुरावा म्हणून मी पुढे करणार नाही.

‘वर्गीकरण सारखे बदलतच असते, उद्या पुन्हा गुलाबात टाकतील’ असा युक्तिवाद यावर ऐकू येतो. या कुळाची जागा बदलली, हे खरे आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झ्युसिय याने १७८९ मध्ये ते स्वतंत्र कुळ म्हणून मांडले. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथॅम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत, जी आपल्या महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, ते शेंदरीच्या कुळाबरोबर परायटेलीझ या गटात होते. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ क्रॉनक्विस्टने १९८१ मध्ये ते व्हायोलेटच्या गणात ठेवले. आणि १९९८ पासून रेणवीय, म्हणजे डीएनएच्या, पुराव्यावर उभ्या राहिलेल्या पद्धतीने ते माल्व्हेलीझमध्ये आणले. या साऱ्या प्रवासात गुलाबाचे कुळ कुठेच येत नाही. शिवाय बेंथॅम-हूकर यांनी केवळ फुलाफळांच्या रचनेवरून शेंदरीशी जोडलेला संबंध डीएनएनेही टिकवून ठेवला, ही गोष्ट मला जुन्या निरीक्षकांविषयी आदर वाढवणारी वाटते.

नावाच्या घोळाचा आणखी एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरने सुचवलेल्या पुष्पौषधींमध्ये ‘रॉक रोझ’ नावाची एक बाटली असते आणि फिरत्या मजकुराखाली कोणीतरी तिचा उल्लेख करतोच. त्या औषधीतील वनस्पती हेलिअँथेमम नुमुलारियम आहे. तिचे कुळ हेच, पण प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) वेगळी. ती लहान, जमिनीलगत पसरणारी असून तिची फुले पिवळी असतात आणि ती ब्रिटनसह युरोपच्या मोठ्या भागात रानटी वाढते. दोन्ही वनस्पती एक समजण्याचे काहीच कारण नाही.

आता वाळवंट. सिस्टस लाडानिफेरची नैसर्गिक व्याप्ती भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला आहे : पोर्तुगाल, स्पेन, दक्षिण फ्रान्समधील थोडे भाग, मोरोक्को आणि उत्तर अल्जीरिया. पोर्तुगालच्या आलेंतेजू आणि आल्गार्व्ह या प्रदेशांत, स्पेनच्या एक्स्त्रेमादुरात आणि सिएरा मोरेनाच्या डोंगररांगेत त्याची सलग रानेच्या राने आहेत. स्पॅनिशमध्ये झुडपाला ‘हारा’ आणि अशा रानाला ‘हाराल’ म्हणतात. ही जमीन वाळवंटाची नव्हे. तिथे पाऊस पडतो, फक्त आपल्या उलट, हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा जातो. पुष्कळ ठिकाणी मूळचे ओकचे जंगल तोडले, चारले किंवा जाळले गेल्यावर त्या जागी हा हाराल उभा राहिला आहे. झुडूप जमिनीच्या बाबतीतही चोखंदळ आहे : त्याला सिलिकायुक्त, आम्लधर्मी माती लागते आणि चुनखडीची जमीन ते टाळते. कोरडा, उजाड डोंगर दिसला की सिस्टस उगवेल, अशी समजूत या एका गोष्टीनेही खोटी ठरते.

या व्याप्तीच्या आतही फरक आहेत. पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाला, केप सेंट व्हिन्सेंटच्या परिसरात, समुद्रकाठच्या कड्यांवर ठेंगणा, दाट आणि चकचकीत पानांचा, पाकळ्यांवर डाग नसलेला एक प्रकार वाढतो. इंग्रज वनस्पतिप्रेमी कॉलिंगवूड इंग्रॅम यांनी १९४३ मध्ये त्याला सिस्टस पाल्हिन्हे असे स्वतंत्र जातीचे नाव दिले. आज अनेक अभ्यासक त्याला लाडानिफेरचीच सुल्काटस ही उपजाती मानतात. डाग नसणे हे मात्र त्याचे एकट्याचे लक्षण नाही. साध्या लाडानिफेरच्या एकाच रानात डागाची आणि बिनडागाची झुडपे शेजारीशेजारी सापडतात, त्यामुळे छायाचित्रात तांबडा डाग नाही म्हणून जात वेगळी, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग मध्यपूर्व आली कुठून? माझ्या मते या चुकीचे मूळ फार जुने आहे आणि ते डिंकाच्या व्यापारात आहे. या झुडपांच्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर येणाऱ्या चिकट, सुगंधी डिंकाला लाडानम म्हणत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले आहे की हा पदार्थ अरबस्तानातून येतो आणि बोकडांच्या दाढ्यांना चिकटलेला सापडतो. दाढीची हकिकत कितीही नवलाची वाटली, तरी चरणाऱ्या जनावरांच्या केसांना हा डिंक खरोखर लागतो. पण प्राचीनांचा लाडानम मुख्यतः सिस्टस क्रेटिकस या दुसऱ्याच जातीचा होता. ती क्रीट, सायप्रस, तुर्कस्तान आणि पूर्व भूमध्य किनाऱ्याच्या प्रदेशात वाढते आणि तिची फुले गुलाबी-जांभळी असतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर १७०० साली क्रीटमध्ये गेला, तेव्हा त्याने भर उन्हात चामड्याच्या लांब पट्ट्यांचे झाडणीसारखे अवजार झुडपांवरून ओढून हा डिंक गोळा करणारी माणसे पाहिली. क्रीटमधल्या सीसेस गावात ही रीत आजही टिकून आहे. पुढे लिनियसने ‘लाडानम धारण करणारा’ या अर्थाचे लाडानिफेर हे नाव पश्चिमेकडच्या पांढऱ्या फुलांच्या जातीला दिले. आज अत्तरांच्या धंद्यात वापरला जाणारा लॅब्डॅनम (लाडानमचेच आजचे नाव) मुख्यतः स्पेनमधल्या याच जातीपासून निघतो. अशा रीतीने पूर्वेची कथा पश्चिमेच्या झुडपाला चिकटली. संपूर्ण सिस्टस प्रजाती पाहिली, तर तिच्या सुमारे वीस जाती कॅनरी बेटांपासून कॉकेशसपर्यंत पसरलेल्या आहेत. पण प्रजातीची व्याप्ती एका जातीच्या नावावर चढवणे ही चूकच आहे. भारतात सिस्टसची एकही जात रानटी वाढत नाही. कॅलिफोर्नियात लाडानिफेर रानोमाळ दिसतो, तो बागांतून निसटलेला.

शेवटचा दावा आत्मदहनाचा आणि ३२ अंशांचा. मुंबईत वर्षातले कितीतरी दिवस ३२ अंशांचे असतात, आणि ज्या कोर्दोबा प्रांताच्या डोंगरांत सिस्टसची दाट राने आहेत, तिथे १४ ऑगस्ट २०२१ रोजी तापमान ४७ अंशांच्या वर गेले होते. उन्हाळ्यात ४० अंश ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. ३२ अंशांना हे झुडूप पेटत असते, तर सिएरा मोरेनात जून उजाडताच एकही हाराल उरला नसता. सिस्टसच्या बाष्पशील तेलातला एक प्रमुख घटक अल्फा-पाइनीन आहे. ठिणगीशिवाय आपोआप पेटण्यासाठी त्याला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. हवेच्या तापमानाने तिथवर पोहोचणे अशक्य आहे. पान पेटवायला वीज लागते किंवा माणूस लागतो, आणि भूमध्य प्रदेशातल्या वणव्यांमागे बहुतेक वेळा माणूसच असतो. मजकुरातील कल्पना काही अंशी दुसऱ्या एका वनस्पतीवरून आली असावी, असे मला वाटते. डिक्टॅम्नस अल्बस ही लिंबाच्या कुळातील वनस्पती शांत, उष्ण हवेत एवढी ज्वालाग्राही वाफ सोडते की काडी लावल्यास ती क्षणभर भडकते. तिथेही काडी लावावी लागतेच.

या दाव्यात सत्याचा जेवढा अंश आहे, तो नाकारणे अन्यायाचे होईल. डिंकाने माखलेली पाने आणि वाळलेल्या काटक्या यांमुळे उन्हाळ्यात हाराल एकदा पेटला की जोरात जळतो. त्याच्या पानांतील काही द्रव्ये आसपासच्या गवताचे व लहान रोपांचे रुजणे रोखतात, हे प्रयोगांत दिसले आहे. आणि बियांचा आगीशी संबंध खरा आहे, फक्त त्या ‘न जळणाऱ्या’ नसतात. बीजावरण इतके कठीण असते की त्यातून पाणी आत शिरत नाही. मातीच्या थोड्या खोलीवर पडून राहिलेल्या बियांना काही मिनिटे १०० अंशांच्या आसपास धग लागली, तर ते आवरण भेगाळते. वरच्या थरात थेट ज्वाळेत सापडलेले बी मरते. आगीशिवायही उन्हातान्हाने काही बियांची आवरणे सैल होतात आणि त्या दरवर्षी थोड्याथोड्या रुजतात. मूळ झुडूप मात्र आगीत मरून जाते. ओकप्रमाणे बुंध्यातून पुन्हा फुटण्याची शक्ती त्याच्यात नसते. जळालेल्या उतारावर हिवाळ्याच्या पहिल्या पावसांनंतर जी असंख्य रोपे वर येतात, ती सगळी आधीच्या अनेक वर्षांत उन्हाळ्यामागून उन्हाळा बोंडांतून गळून मातीत साठत गेलेल्या बियांची असतात.