अलार्म गेला म्हणजे काय झालं?

आमच्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. तेव्हापासून माझी एक श्रद्धा होती. ऑन म्हणजे चालू, ऑफ म्हणजे बंद. पंख्याच्या बटणापासून टीव्हीपर्यंत तिनं मला कधी दगा दिला नाही. ती मोडली ती लेस्टरला, लेकीच्या स्वयंपाकघरात, आमटीच्या फोडणीपायी.

इंग्लंडात २०१५ पासून भाड्याच्या घरात दर मजल्यावर धुराचा अलार्म लावणं घरमालकाला सक्तीचं आहे. कायदा करणाऱ्यांनी मोहरी तडतडताना पाहिलेली नसावी. लेक ऑफिसला, ही अंघोळीला, आणि मी तेल जरा जास्तच तापू दिलं. मिरच्या पडल्या मात्र, छतावरच्या पांढऱ्या बशीनं टाहोच फोडला. मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतोय, तोवर दारात शेजारच्या आजीबाई. काळजीनं म्हणाल्या, "युवर अलार्म वेन्ट ऑफ?"

वेन्ट म्हणजे गेला, ऑफ म्हणजे बंद. कानठळ्या बसत असताना बाईंना अलार्म बिघडल्याची शंका! मी अभिमानानं म्हटलं, "नो, नो! वर्किंग व्हेरी नाइसली!" त्या आळीपाळीनं माझ्याकडे आणि टॉवेलकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी लेकीनं खुलासा केला. "बाबा, अलार्म गोज ऑफ म्हणजे वाजतो."

"आणि दिवे?"

"ते जातात."

"बॉम्ब?"

"फुटतो."

म्हणजे त्याच दोन शब्दांनी एक वस्तू चालू होते, दुसरी बंद पडते, आणि तिसरी असली तर विचारायला आपण उरत नाही.

दोन दिवसांनी आजीबाई म्हणाल्या, "माय मिल्क हॅज गॉन ऑफ." आता मी शहाणा झालो होतो. दूध वाजत नाही, विझत नाही, म्हणजे कुठेतरी गेलं असणार. "व्हेअर?" मी आस्थेनं विचारलं. नासलं होतं. मग टीव्हीवरच्या एका निवेदकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आय हॅव गॉन ऑफ हिम." हा आता वाजला, विझला, फुटला की नासला? तो त्यांच्या मनातून उतरला होता. पुढं कोणीतरी गणपतीचा कार्यक्रम 'वेन्ट ऑफ वेल' म्हणाला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. कार्यक्रम छान पार पडला होता.

सूड घ्यायची संधी आजीबाईंनीच दिली. म्हणाल्या, मराठीतलं एखादं सोपं क्रियापद शिकवा. मी निरागस चेहऱ्यानं 'लागणे' दिलं. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, वेड लागतं. दिवा लागला की उजेड, दार लागलं की अंधार. 'वाट लागते' मी वगळलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मात्र 'गाडी लागली' नीट समजावलं: एस.टी. फलाटावर येऊन उभी राहिली तरी गाडी लागते, आणि घाटात पोटात ढवळलं तरी गाडीच लागते. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

परवा त्यांच्याबरोबर सहलीला निघालो होतो. बसस्टँडवर मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेलो. एकदम आजीबाई उठल्या आणि चारचौघांत ठणठणीत मराठीत ओरडल्या, "गाडी लागली!"

बस येऊन उभी राहिली होती. मी मात्र तोवर खिशातली प्लास्टिकची पिशवी त्यांच्या तोंडाशी धरलेली होती.