दहाच्या जोड्या म्हणजे बोटं मोजणं नव्हे

बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पाढे पाठ असले की तोंडी हिशोब आपोआप येतो, दहाच्या जोड्या (मिळून दहा होणारे दोन आकडे) म्हणजे बोटं मोजायला लावणारं खूळ, आजोबांचं कुठे अडलं होतं, फार तर अबॅकसचा क्लास लावा. वर सगळं खापर बालभारतीवर.

आधी बोटं. 8 आणि 7 मिळवताना बोटं मोजणारं पोर नऊ, दहा, अकरा करत सात पायऱ्या चढतं आणि एखादी हमखास गाळतं. जोडी येणारं सातातले दोन आठाला देतं. दहा झाले, उरले पाच, पंधरा. 1 ते 9 मधल्या वेगवेगळ्या बेरजा 45. त्यांतल्या 20 दहाच्या वर जातात आणि गाडी अडते ती तिथेच. त्या विसांसाठी जोड्या लागतात पाच: 1-9, 2-8, 3-7, 4-6, 5-5. मात्र सातातून दोन काढले की पाच उरतात, ही फोड आधी जमली पाहिजे. ते सोडून नुसतं जोड्यांचं गाणं म्हणवून घेणार असाल तर मेसेजवाल्यांचा राग रास्त आहे.

पाढे हवेतच, 7×8 ला जोडी उपयोगाची नाही. पण 63 रुपयांची रताळी घेऊन शंभराची नोट दिली, तर म्हणणार कुठला पाढा? गणपत गल्लीतली भाजीवाली मावशी वजाबाकी मांडत बसत नाही. "त्रेसष्ट न् सात सत्तर, न् तीस शंभर," म्हणत आधी सुटे सात, मग दहाच्या तीन नोटा हातावर ठेवते. मुलं इथे 47 म्हणून बसतात, कारण 3 ला 7 आणि 6 ला 4 अशी दोन्हीकडे दहाचीच जोडी लावतात. एककाला दहाची आणि दशकाला नवाची, एवढं दाखवलं की 37 येतात.

आजोबांचं म्हणाल तर त्यांना पावकी-दिडकी, म्हणजे पाव-दीडचे पाढे, यायचे, मान्य. पण दशमान नाणी आली ती 1957 मध्ये. तोवर रुपया 16 आण्यांचा. दहा आणे खर्च, सहा परत, हे त्यांना विचार न करता सांगता यायचं. त्यांच्याही जोड्याच होत्या, फक्त सोळाच्या.

अबॅकसची तर गंमतच आहे. दांड्यावर 7 मिळवायला मणी उरले नाहीत तर तिथले 3 काढायचे आणि डावीकडच्या दांड्यावर 1 चढवायचा. म्हणजे फी भरून 3-7 ची जोडीच शिकायची!

राहिली बालभारती. 2019 मधला वाद दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' छापल्याचा होता. त्याचा जोड्यांशी संबंध नाही. आणि इथल्या सरकारी मराठी शाळांत पुस्तकं चालतात ती कर्नाटकची.