वॉरम पर्सी प्लेगनं संपलं नाही

‘१३४९ साली प्लेग आला आणि इंग्लंडमधलं वॉरम पर्सी एका रात्रीत ओस पडलं. नंतर तिथे कुणी पाऊलही ठेवलं नाही.’ यॉर्कशरच्या माळावरच्या, छप्पर उडालेल्या चर्चच्या फोटोखाली हा मजकूर सर्रास फिरतो. फोटो खरा आहे, मजकूर नाही.

‘एका रात्रीत’ तर मुळीच नाही. साथ ओसरल्यावर जवळपास वीस वर्षांनी, १३६८ साली, तिथे ३० च्या आसपास घरं नांदती होती. १४५८ सालीही १६ घरांत चूल पेटत होती.

मग गाव उठलं कशानं? प्लेगनं माणसं मारली, हे खरंच. मनुष्यबळ घटलं, इतर गावांत जमिनी मोकळ्या झाल्या, काही कुटुंबं तिकडे गेली असणार. पण शेवटचा घाव लोकरीनं घातला. लोकरीला भाव चढा होता, आणि जी जमीन कसायला अख्खं गाव राबायचं, ती मेंढ्यांखाली घातली की एखाद-दुसरा मेंढपाळ पुरायचा. जमिनीचे मालक होते हिल्टन घराणं. शेतं मोडून कुरणं केल्याची सरकारी चौकशी १५१७ साली झाली, तेव्हा या गावाच्या नावे नोंद झाली: चार नांगर बंद, चार घरं पडली. त्याआधीच, १५०० च्या सुमारास, शेवटची कुळंही गेली होती. सगळं खापर साथीवर फोडलं की मालक आपोआप सुटतो, म्हणून मला हा मजकूर खटकतो.

हे अंदाजपंचे नाही. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात इथे उत्खनन चालवलं. आपल्याकडे ज्याला बेचिराख गावठाण म्हणतात, तसल्या गवताळ उंचवट्यांखालून त्यांनी घरं उलगडून दाखवली. चर्चच्या भिंतीही बोलतात: बाजूच्या दालनांच्या कमानी दगडांनी बुजवलेल्या आजही दिसतात. वस्ती आटत गेली तसं चर्चही आखडत गेलं, आणि हे शतकानुशतकं चाललं.

‘कुणी पाऊलही ठेवलं नाही’ हे तर सर्वांत चुकीचं. पॅरिश, म्हणजे या चर्चच्या हद्दीतला परिसर, मोठा होता, त्यात शेजारची गावंही येत. वॉरममधली घरं गेल्यावरही थिक्सेंडेलची माणसं प्रार्थनेला, लग्नाला, आपली माणसं पुरायला टेकड्या ओलांडून इथेच येत. १८७० साली त्यांच्या गावात स्वतःचं चर्च झालं, तेव्हा कुठे ही पायपीट थांबली. वॉरमच्या चर्चमधली शेवटची उपासना झाली १९४९ साली, प्लेगनंतर बरोबर सहाशे वर्षांनी.