प्रस्तुत कवितेत मगर

नववी ‘ब’च्या मते मराठी साहित्यात एकूण तीनच भाव आहेत. आनंद, दुःख आणि निसर्ग. कवितेत झाड, नदी किंवा पाखरू दिसलं की निसर्ग. आई दिसली की दुःख. यातलं काहीच दिसलं नाही तर आनंद. ऑगस्टात आणि जानेवारीत देशभक्ती नावाचा चौथा भाव हंगामी कामगारासारखा येतो आणि झेंडावंदन झालं की आपल्या गावी परत जातो.

मी मराठी शिकवते. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. इथे ऊस उत्तम येतो, मुलंही गुणी आहेत. पण चार ओळी पुढ्यात ठेवून ‘लिहिणाऱ्याचा सूर काय आणि वाचताना तुला काय वाटतं?’ एवढं विचारलं, की वर्गावर जी अवकळा पसरते तिला कुठल्या रसात बसवायचं हे ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरतमुनींनीही लिहून ठेवलेलं नाही.

यात मुलांचा दोष नाही असं मी म्हणणार नाही, थोडा आहे. पण मोठा वाटा रसग्रहणाचा. दहावीच्या कृतिपत्रिकेत काव्यपंक्तींच्या रसग्रहणाला चार गुण असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे लिहायचे. कुण्या अज्ञात गाइडकाराने फार पूर्वी यासाठी एक परिच्छेद रचला. ‘प्रस्तुत कवितेत कवीने साध्या, सोप्या, ओघवत्या भाषेत आपल्या भावना प्रभावीपणे व्यक्त केल्या आहेत. शब्दरचना नादमय असून कविता मनाला भिडते.’ हा परिच्छेद अभंगाला चालतो, पोवाड्याला चालतो, ज्या नवकवितेत एक ओळ दुसरीला ओळखत नाही तिलाही चालतो. मुलं तो आठवीपासूनच पाठ करतात. न जाणो, दहावीला वेळ मिळाला नाही तर?

एकदा मी वर्गात वीजबिलावरची सूचना वाचून दाखवली. ‘विहित मुदतीत रक्कम न भरल्यास पुरवठा खंडित करण्यात येईल.’ म्हटलं, सूर सांगा. पहिल्या बाकावरची मुलगी ताडकन उभी राहिली. ‘बाई, प्रस्तुत उताऱ्यात लेखकाने साध्या, सोप्या...’

मागून आवाज आला, ‘बाई, दुःख. आमचं तोडलंय.’

मग मुळाशीच जावं असं ठरवलं. एम.ए.ला घोटून घेतलेलं भरताचं रससूत्र आठवलं. विभाव (भाव जागवणारं कारण), अनुभाव (त्याची बाहेर दिसणारी खूण) आणि व्यभिचारी भाव (मधूनच येऊन जाणारे) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. फळ्यावर लिहिता लिहिता तिसऱ्या शब्दाशी खडू थबकला. नववीचा वर्ग, शेवटचा तास आणि ‘व्यभिचारी’! शास्त्रकारांची कृपा अशी की त्यांनी याला ‘संचारी’ असाही शब्द दिलाय. मी तो लिहिला आणि सुटकेचा श्वास सोडणार तोच एक हात वर.

‘बाई, मग संचारबंदीत ह्यांचं काय होतं?’

‘घरी बसतात. पुढे ऐक. असे संचारी भाव एकूण तेहतीस आहेत.’

‘म्हंजे दोन मार्कानं नापास!’

एवढं झाल्यावर रसांची यादी काढली, तर पहिलाच शृंगार. त्याचा स्थायी भाव रती. वर्गात रती नावाची मुलगी नाही हे माझं पूर्वसंचित. शृंगाराचं उदाहरण म्हणून आमच्या शाळेत पूर्वापार पावसाळ्यातलं रान सांगितलं जातं. तेच सांगितलं. म्हणजे फिरून निसर्ग. बीभत्स मात्र एका मिनिटात कळला. त्याची उदाहरणं मुलांनी इतकी उत्साहाने दिली, की उत्साह हा वीररसाचा स्थायी भाव आहे हेही त्यातच उरकून घेतलं.

त्या रससूत्रातल्या ‘निष्पत्ती’ या एका शब्दावर भट्ट लोल्लट, शंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त अशा काश्मीरच्या दिग्गजांनी डोकी झिजवली. रस राहतो कुठे, मूळ पात्रात, नटात की बघणाऱ्यात, हा वाद काही शतकं चालला. आता शासनाला ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे मूल काय शिकलं ते, हवी असते. मी पाठटाचणाच्या वहीत लिहिते, ‘विद्यार्थी कवितेतील भाव ओळखतो.’ मुख्याध्यापक शेजारी बरोबरची खूण करतात. काश्मीरच्या पंडितांना जे मिटवता आलं नाही, ते आमच्याकडे दर शनिवारी सही-शिक्क्यानिशी मिटतं.

गंमत अशी, की हीच मुलं बोलण्यातल्या सुरांची पक्की जाणकार आहेत. एकदा मी वैतागून फळ्यावर नुसतं ‘जेवून जा’ एवढंच लिहिलं आणि म्हटलं, हे कोण कसं म्हणतं ते सांगा. वर्ग उसळलाच.

‘बाई, जेवून जा की, असं म्हटलं तर खरंच थांबायचं.’

‘जेवूनच गेला असता, असं म्हटलं तर आपण चप्पल घातल्यावर म्हणत्यात.’

‘जेवणार असाल तर भाकरी टाकते, म्हंजे उठायचं, बाई.’

एरवी तोंडातून अक्षर न काढणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘आता जेवायचीच वेळ झाली, ह्यात दोन प्रकार हायेत. आपल्याकडं बघून म्हटलं तर बसायचं. घड्याळाकडं बघून म्हटलं तर जायचं.’

मी चाट पडले. पुढे ‘ती पहिली आली’ आणि ‘ती पहिली आली म्हणे’ यातला फरक विचारला, तर उत्तर आलं, ‘दुसरीला जळतंय.’ ‘आता तूच काय ते बघ’ हे वाक्य आईने उच्चारलं तर संध्याकाळपर्यंत घरात फिरकायचं नाही, यावर वर्गाचं एकमत झालं. तेच वाक्य वडील म्हणाले तर त्यांना स्वतःला काही सुचत नाहीये, यावरही झालं. एवढ्या वेळात कुणी एकदाही ‘आनंद’ म्हणालं नाही.

तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी म्हणून सांगितलं, की सूर बोलणाऱ्याचा असतो आणि भाव ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. दोन्ही एकच असतील असं नाही. आई रागाने बोलतेय आणि तुला हसू येतंय, तर सूर रागाचा, भाव हास्याचा.

‘हसल्यावर मग मार बसतो, बाई.’

‘मग भाव बदलतो,’ शेजारच्याने परस्पर खुलासा केला.

माझा धीर चेपला आणि दुसऱ्या दिवशी मी बालकवींची ‘औदुंबर’ घेऊन वर्गात शिरले. आठच ओळी. झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, डोह आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. समीक्षक त्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलेत. कुणाला त्यात उदासी दिसली, कुणाला विरक्ती, कुणी म्हणालं उगाच खोल जाऊ नका, हे नुसतं चित्र आहे. म्हटलं, सूर आणि भाव शिकवायला याहून चांगली कविता मिळायची नाही. वाचून संपवली आणि विचारलं, ‘कोणता भाव?’

‘निसर्ग!’

झाड होतंच, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. ‘बरं, “गोड काळिमा” म्हणजे काय असेल? जे काळं आहे आणि गोडही आहे...’

‘काकवी!’

गुऱ्हाळाच्या मुलखात हे उत्तर चूक कसं द्यायचं? मी पुढे सरकले. झाड पाण्यात पाय टाकून का बसलंय? एक जण म्हणाला, निवांत आहे, त्याला शाळा नाही. एक मुलगी म्हणाली, औदुंबर दत्ताचं झाड आहे, म्हणून भक्ती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा मुलगा न विचारता बोलला.

‘बाई, औदुंबरला पाय टाकून बसायचं न्हाई. मगर हाय.’

आता, आमच्याकडे औदुंबर म्हणजे आधी गाव. भिलवडीजवळचं, कृष्णेच्या घाटावरचं दत्ताचं क्षेत्र. आणि तिथल्या पात्रात मगरी आहेत हे लहान मूलही जाणतं. मग काय, प्रत्येकाने आपापली मगर बाहेर काढली. कुणाच्या चुलत्याला दिसलेली, कुणाच्या शेळीवर टपलेली, कुणाच्या आजीने ओंडका समजून जिच्यावर धुणं आपटायचं फक्त बाकी ठेवलेलं. मी घसा फोडून सांगत होते की बालकवी खानदेशातले, धरणगावचे, आणि कवितेतला औदुंबर हे झाड आहे, गाव नव्हे.

‘खानदेशात मगर नसती व्हय?’

‘या कवितेत नाही. असेल तर दाखव.’

हे मी त्याला गप्प करायला म्हटलं होतं. त्याने झेरॉक्स उचलली आणि ओळींवर बोट ठेवत निघाला. ‘ही पायवाट बघा. हिरवीगार कुरणं हायेत, शेतं हायेत, सगळं झ्याक चाललंय. आन वाट जाती कुठं? काळ्या डोहाकडं. चांगलं गाव सोडून तिकडं कशाला जाती? आन हे झाड तिथंच पाय टाकून गप बसलंय. त्याला कळंना झालंय, का कळूनच बसलंय?’

माझ्या एम.ए.च्या वहीत या कवितेवर मोठमोठ्या नावांचा आधार घेऊन काढलेली पानंच्या पानं टिपणं आहेत. डोह म्हणजे मृत्यू, वगैरे. हा गडी तिथे शेळीच्या वाटेने पोचला होता. कळूनच बसलंय का, हा प्रश्न तर माझ्या टिपणांत कुठेच नाही. शाळेची घंटा मात्र नेमकी अशाच वेळी होते, ती झाली.

घटक चाचणीत मी मुद्दाम तीच कविता रसग्रहणाला घातली. गठ्ठा आला तसा आधी त्याचा पेपर उपसून काढला. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रस्तुत कवितेत कवीने साध्या, सोप्या, ओघवत्या भाषेत निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे. शब्दरचना नादमय असून...’ मी पान उलटून पाहिलं, पुरवणी पाहिली. मगरीचं शेपूटही नव्हतं.

त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. ‘मगर कुठे गेली रे?’

त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. ‘बाई, मगरीला मार्क असत्यात व्हय?’

मी चारपैकी दोन दिले आणि लाल शाईने खाली शेरा मारला, ‘वा! गाइड अगदी तोंडपाठ आहे.’ पालकांची सही आणायला सांगितली.

सही आली. सहीच्या वर वडिलांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘धन्यवाद मॅडम, असेच लक्ष असू द्या.’

‘वडील काय म्हणाले?’ मी जपून विचारलं.

‘लय खूश झाले. संध्याकाळी वडापाव चारला.’ तो टेबलाशी घुटमळला. ‘बाई, तुमचा सूर टोमण्याचा हाय, ते मला कळलं. पण वडलांना आनंद झाला. म्हंजे सूर एक आन भाव दुसरा. बरोबर ना?’

‘बरोबर,’ मी म्हटलं. दुसरं म्हणणार काय!

‘मग दोनाचं तीन करा की.’